आपला गुडघा

४ जुलै, शुक्रवार

घोडा आला! आमच्या क्लिनिकमध्ये, माझ्या टेबलावर! पलीकडच्या टीमचा स्ट्रायकर, ज्याला सगळं गाव घोडाच म्हणतं — गेल्या सीझनला आपल्यावर तीन गोल चढवून बाबांना आठवडाभर मुकं करून टाकणारा. मागच्या दाराने आला, टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. मोठ्या मॅडमनी फाइल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, हा पेशंट तुझा, आणि तो इथे येतो हे बाहेर कुणाला कळता कामा नये. मी मान डोलावली. मॅडमना कुठे माहीत, की मी राहते ते घर बाबांच्या सलूनच्या वर आहे आणि त्या सलूनमध्ये केस कमी आणि फुटबॉल जास्त कापला जातो!

उजवा गुडघा. सूज आहे. जिना उतरताना कठडा सोडत नाही. मी मनातल्या मनात खूश झाले. मग लाज वाटली. मग परत खूश झाले.

७ जुलै, सोमवार

सीझन सुरू व्हायला महिना आहे आणि सलूनमध्ये एकच विषय — पलीकडच्यांचं यंदा काय होणार? आपल्या टीमबद्दल कोणी बोलत नाही. तिचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पंचांचं मत, पलीकडचे बुडणार. नवा कोच, आणि गोलकीपर नि कॅप्टन एकमेकांचं तोंड बघत नाहीत. (पंच म्हणजे बाबांचे मित्र, निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नाही, पण कुठल्याही भांडणात निकाल तेच देणार, म्हणून पंच.) बाबांचं म्हणणं, कोच कोणीही येऊ दे, घोडा आहे तोवर आपलं काही खरं नाही. हे पटवून देताना गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली. त्या बिचाऱ्याने फेसातून विचारलं, घोडा तिशी ओलांडून गेलाय ना? झालं! सगळे माझ्याकडे वळले. मी चहा घेऊन खाली गेले होते. पंच म्हणाले, ही गुडघ्यांची डॉक्टर, हिलाच विचारा, असा माणूस अजून किती धावेल.

मी कप वाटायला घेतले. मला काय माहीत, म्हटलं, मी म्हाताऱ्यांचे गुडघे बघते. सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त.

८ जुलै

बाबांशी खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

१४ जुलै, सोमवार

मला एक खोड आहे. पेशंटशी बोलताना सगळं ‘आपण’मध्ये. आपण आता पाय सरळ करू या. आपण दहापर्यंत धरून ठेवू या. आज घोडा घामाघूम होऊन पडला होता, तसाच म्हणाला, “मॅडम, दुखतं एकट्या मला. मग हे ‘आपण’ कोण?”

इतकी हसले, की शेजारच्या टेबलावरच्या आजीबाई उठून बसल्या. चांगला माणूस आहे. हेच तर वाईट आहे! राक्षस असता तर बरं झालं असतं. मोजे काढले की नीट घडी करून ठेवतो. व्यायाम संपला की आईला फोन करतो आणि दर वेळी ‘दुखत नाही’ म्हणून सांगतो.

स्कॅन वाईट आहे. हाडांमधली गादी झिजून गेली आहे. मॅडमनी तोंडावर सांगितलं, पूर्ण वर्ष विश्रांती, नाहीतर खेळ संपला. तो म्हणाला, या वयात वर्षभर बसलेल्याला परत कोण घेतं? मला दुसरं काही येत नाही.

रात्री जेवताना बाबा पलीकडच्यांच्या नावाने खडे फोडत होते आणि मी आपल्याच तंद्रीत म्हणून गेले, आपला गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. बाबा म्हणाले, कुणाचा? पेशंटचा, म्हटलं. आई म्हणाली, हिला पेशंट म्हणजे घरचेच वाटतात.

सकाळी ‘आपण’ म्हणजे मी आणि घोडा. संध्याकाळी ‘आपण’ म्हणजे मी, बाबा, पंच आणि ती रडकी टीम. तो बरा व्हावा असं वाटतं. तो बरा होऊ नये असंही वाटतं. दोन्ही खरंच वाटतं! मी नक्की आहे कुणाची?

१९ जुलै, शनिवार

पलीकडच्यांचा शर्ट घालून एक जण दाढीला आला होता. बाबा अशांची दाढी करतात, पावडर लावत नाहीत. आज मात्र लावली. आईने कारण विचारलं तर म्हणाले, वैर करायचाही कंटाळा आलाय. तीस वर्षं नुसती वाट बघतोय — एकदा तरी आपण वर आणि ते खाली, डोळ्यांनी बघून मग वस्तरा ठेवीन म्हणत होतो. आता हात कापायला लागला. घोडा असेपर्यंत ते काही व्हायचं नाही.

सलून बंद करण्याबद्दल बाबा पहिल्यांदाच बोलले.

एका वाक्याचं काम होतं. बाबा, घोडा संपलाय! खाली गेले. ते केस झाडत होते. त्यांच्या हातातून झाडू घेतला, सगळं झाडलं आणि वर आले.

२३ जुलै, बुधवार

आज घोडा म्हणाला, महिनाअखेरीस एक दिवस मला लंगडायचं नाहीये. चाचणी आहे. पळवतात, उड्या मारायला लावतात, डॉक्टर हात लावून बघतो. स्कॅन मागत नाहीत.

दरवर्षी क्लबात घेतात तसली चाचणी, मी समजले. त्याला स्पष्ट सांगितलं, एक दिवस पळाल, सीझनभर नाही. तिसऱ्या-चौथ्या मॅचला बसाल. तो म्हणाला, “मला तो एकच दिवस द्या. पुढचं माझं मी बघेन.”

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रिपोर्ट त्याच्या हातात दिलाय, कुणाला दाखवायचा ते तो ठरवेल. आपलं काम चालवायचं.

आणि घरी येताना एकदम लख्ख झालं! अगं बाई, यात गोंधळ कसला? त्याला त्याचा एक दिवस मिळतो, आणि पलीकडचे लंगड्या घोड्यावर बसून सीझनला निघतात! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. बाबांना काही सांगायचीसुद्धा गरज नाही, मॅच सुरू झाल्या की कळेलच. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२९ जुलै, मंगळवार

जमलं! गुडघ्याला पट्टी कुठून कुठे ओढायची ते आधीच सापडलं होतं, अडत होतं ते उडीवर. आज उपाय निघाला. उडी डाव्यावर घ्यायची, उतरतानाही भार डाव्यावरच, उजवा नुसता टेकवायचा आणि त्याच क्षणी हात वर करायचे, म्हणजे बघणारा हातांकडे बघतो. कॉरिडॉरमध्ये वीसेक उड्या मारल्या आम्ही. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनाही दुखरा पाय कोणता ते ओळखता आलं नाही. मला इतका अभिमान वाटला, की ‘शाब्बास’ म्हणून त्याच्या पाठीत थाप मारली. पलीकडच्यांच्या पाठीत!

बूट घालताना त्याने विचारलं, मॅडम, तुमची टीम कोणती? आता लपवायचं काय, सांगून टाकलं. बाबांचं सलून, पंच, पावडर, सगळं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. नाडी बांधली, सोडली, परत बांधली. चांगली माणसं आहेत तिथली, एवढंच म्हणाला.

सभ्य माणूस आहे.

३१ जुलै

आज चाचणी. घोडामैदान जवळ आहे म्हणतात ते हेच! फोन आला नाही. येण्याचं कारणही नाही म्हणा.

२ ऑगस्ट, शनिवार

दुपारी बाबा फेसाचा ब्रश हातात घेऊन धावत वर आले. गिऱ्हाईक खुर्चीतच. बाबा रडत होते. “अगं, घोडा आला! आपल्याकडे! सही झाली, परवाच तपासणी झाली म्हणे. आता तो आपला!”

मला हाताला धरून खाली नेलं. टीव्हीवर तपासणीचं चित्रण दाखवत होते. पंच स्टुलावर चढून आवाज वाढवत होते. घोडा पळाला, वळला आणि उडाला. उतरताना दोन्ही हात वर.

“तुला कळतं यातलं,” बाबा म्हणाले. “सांग, कशी आहे उडी?”

छान आहे, म्हटलं. छानच होती.