तेलाची वाटी

सासूबाईले, सावली गावाहून तुमच्या सुनेचा, रिनाचा नमस्कार.

तुमी लेकीकडे वरोऱ्याले गेल्या अन् घर मुकं झालं. पण खुशखबर हाये! माह्या पायाची सूज पार उतरली. डॉक्टर बी हासले.

सिझर झाल्यावर तुमी मले बाजेवरून उतरूच देत नव्हत्या. पाय सुजला, तशा तुमी मोहाच्या टोरीचं, म्हंजे बियांचं, तेल गरम करून चोळाले बसल्या. तेवढ्यात टाके पाहाले आलेली नर्सबाई ओरडली, "चोळू नका! रक्ताची गाठ सुटून छातीत गेली तर बाळंतीण हातची जाईन!"

तुमी गपचूप तेलाची वाटी मोरीत ओतली अन् मले चंद्रपूरले नेलं. डॉक्टरनं रक्त पातळ व्हायच्या गोळ्या देल्या, वरून म्हटलं, "आता रोज चाल."

मंग तुमीच मले हाताले धरून गल्लीभर फिरवलं. शेजारीण म्हणे, "बाळंतीण रस्त्यावर?" तुमी म्हटलं, "रस्ता तुह्या बापाचा हाये का?" मले इतकं हसू आलं का टाके दुखले.

तुमची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. तिचा बी पाय असाच सुजला होता अन् तुमी रात्रभर चोळला होता, हे तुमीच मले तेल गरम करतानी सांगितलं होतं. त्या चोळण्याबद्दल डॉक्टरले तुमी काही विचारलं नाई. मीबी विचारलं नाई.

म्हणून हे पत्र चुलीत टाकीन. फोनवर इतकंच सांगीन का लवकर या, नातीले घेऊन फिराले माणूस पायजे.

तुमची चालती-फिरती सून,
रिना