ध्रुवची नोंदवही

तारकर्ली, ता. मालवण
२४ नोव्हेंबर २०२४

चि. आकांक्षा,

आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. तू आणि निलेशराव बरे असाल असे धरून चालते.

पत्र कशाला, असे विचारशील. फोनवर स्पीकर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की तुझे बाबा शेजारी येऊन बसतात. मेसेज आला तर तो मोठ्याने वाचतात. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

तुमच्या कुत्र्याचा अहवाल देते. तुमच्या सोसायटीने हाकलले म्हणून निलेशराव त्याला इथे सोडून गेले, त्याला आज चौदा दिवस झाले. चार महिन्यांचे पिल्लू म्हणून दिलेत, पण हट्ट चाळीस वर्षांच्या माणसाचा. ‘बस’ म्हटले की उभा राहतो. ‘ये’ म्हटले की निळे डोळे माझ्यावर रोखून आऊं-आऊं करत उलट उत्तर देतो. भुंकत नाही, वाद घालतो. ऊन चढले की पोफळींच्या सावलीत खड्डा खणून त्यात पोट टेकून पडतो. आतापर्यंत सात खड्डे झाले. ‘ह्यो कुत्रो काय कोलो?’ हा प्रश्न मी दिवसातून तीनदा ऐकते.

आणि नाव काय ठेवलेत! शेजारच्या बाबलीच्या नातवाचे नावही ध्रुवच. परवा मी अंगणात ‘ध्रुव, आटप, शू कर लवकर’ म्हणून ओरडत होते, तर बाबली कुंपणावरून म्हणतो, ‘वैनी, आमचो ध्रुव आता तिसरीत गेलो. तो आपला आपण करता.’ तेव्हापासून मी कुत्र्याला नुसते ‘ए’ म्हणते.

पिंजऱ्याचे तू लिहून दिलेस तसेच करते. पडवीत पंख्याखाली ठेवला आहे. अर्धा भाग फळी लावून बंद केला, म्हणजे एका कोपऱ्यात घाण करून दुसऱ्यात झोपायची सोय नको. जेवण आतच. दार आधी उघडे, मग पाच मिनिटे बंद, मग दहा. रडत असताना उघडायचे नाही, गप्प झाला की उघडायचे. पहिले चार दिवस त्याने असा सूर लावला की समुद्रावर आलेले पर्यटक फाटकातून वाकून बघून गेले. मी हलले नाही. एकोणतीस वर्षे ओरोसच्या कचेरीत अर्जदारांची रड ऐकली आहे मी.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला त्याच एका माडाखाली नेते. काम झाले की उकडलेल्या बांगड्याचा तुकडा. प्रत्येक वेळ वहीत लिहिते: तारीख, वेळ, आत की बाहेर.

तरीही घरात ओले होते. काल दोनदा. माजघराच्या दारामागे, नेहमी तीच जागा. केर-फरशीला येते ती सुभद्रा फडके पिळताना म्हणते, ‘बाय, एवड्याश्या पिलाचा पाणी भितीर एवड्या वर कसा चढला?’ मी म्हटले, तू फरशी पूस, भिंतीचे मी बघते. आगाऊपणा वाढला आहे तिचा.

बाबा मजेत आहेत. चतुर्थीला तू चारचौघांत जे बोललीस तसे काही नाही. माणूस बहात्तराव्या वर्षी आरती विसरला म्हणून कुणी डॉक्टर गाठत नाही. तू तिसऱ्याच दिवशी बॅग उचलून गेलीस, तो विषय मी मिटला असे समजते.

कुत्रा ठेवायला मी एका शब्दात हो म्हटले, याचे तुला नवल वाटले होते. वाटू दे. घरात काहीतरी हालतेचालते असावे, इतकेच.

तुझी,
आई


तारकर्ली
८ डिसेंबर २०२४

चि. आकांक्षा,

आशीर्वाद. तुझे उत्तर मिळाले. ‘त्याला मारू नकोस, नंतर मारले तर कशासाठी मारले ते त्याला कळत नाही’ या ओळीखाली तू तीन रेघा ओढल्या आहेस. उशीर झाला. मी त्याला मारले.

२९ तारखेला पोस्टातली भक्ती माझ्या पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा घ्यायला घरी आली होती. तिने मशीनची पिशवी टेकवली ती नेमकी दारामागच्या ओल्यात. पोरगी संकोचली. ‘असू दे हो काकी,’ म्हणत पिशवी पुसू लागली. मी पडवीत गेले, कुत्र्याला पट्ट्याला धरून फरफटत आणले, त्याचे नाक त्या ओल्याशी नेले आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीने दोन लगावल्या. भक्तीसमोर. त्याने माझ्याकडे पाहिले आणि आल्यापासून पहिल्यांदाच उलट उत्तर दिले नाही.

बाबा खुर्चीवरून उठून आत गेले. दुपारी जेवले नाहीत.

तेव्हापासून पिंजऱ्याचे सगळे शिकवलेले मातीत गेले आहे. दारापाशी चारी पाय रोवून बसतो, ढकलले तरी आत जात नाही. बाहेर नेले तर माझ्यासमोर काही करत नाही. माडाच्या मागे जाऊन करतो, मी बघू नये म्हणून. माझ्या हातचा बांगडा हुंगून सोडून देतो.

सुभद्राला मी बुधवारपासून कामावरून काढले. इकडचे तिकडे बोलण्याची सवय आहे तिला. फरशी मी पुसते. कंबर तेवढी धड आहे.

निलेशरावांचा फोन आला होता. कोल्हापूरजवळ कुणाचे तरी शेतघर आहे, तिथे राखणीला कुत्री ठेवतात, साखळीला. ते म्हणाले, ‘आई, तुम्हाला होत नसेल तर २२ ला, रविवारी, येऊन त्याला तिकडे पोहोचवतो. आकांक्षाला मी समजावतो.’ मी हो म्हटले. तू रडलीस असे त्यांच्या बोलण्यावरून वाटले. तुमचे नवे घर मार्चशिवाय मिळत नाही आणि मार्चपर्यंत मला हे जमणार नाही. आता यावर पुन्हा लिहू नकोस.

बाबा हल्ली दुपारी झोपतात. जेवल्यावर मी त्यांना खोलीत नेते, साडेतीनला उठवते. वेळा लागल्या की सगळ्यांनाच बरे पडते.

संध्याकाळी ते पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसतात. कुत्र्याशी काय बोलतात कोण जाणे. जहाजावरचे काही असेल. बत्तीस वर्षे सारंग होते, डेकवरच्या माणसांना हुकूम सोडायची सवय. ते ‘बस’ म्हणतात आणि तो बसतो. मला राग येतो, खरे सांगते.

आई


तारकर्ली
२१ डिसेंबर २०२४, शनिवार

चि. आकांक्षा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. उद्या निलेशराव येतील, त्यांच्या हाती देईन. कुत्रा देणार नाही.

वही पुढ्यात घेऊन बसले आहे. तुला खरी माहिती देते. २० नोव्हेंबरनंतर ध्रुवने घरात एकदाही घाण केलेली नाही. दहा दिवसांत शिकला. रात्रभर पिंजऱ्यात कोरडा राहतो आणि पहाटे दाराच्या जाळीवर पंजा मारून मला उठवतो. हट्टी आहे, पण स्वच्छ आहे. त्यानंतर ‘आत’ या रकान्यात माझ्या हातच्या अकरा नोंदी आहेत. अकराही खोट्या. कचेरीत असताना दबाव आले, विनवण्या आल्या, मी एक खोटी नोंद केली नाही. या वहीत अकरा केल्या.

ते बाबा आहेत.

दिवाळीच्या आधीपासून. दारामागे जाऊन उभे राहतात, सावकाश, नीट, जणू तिथेच जायचे असते. मागाहून त्यांना आठवत नाही, ओले मात्र दिसते. पहिल्या वेळी मी म्हटले, पाणी सांडले. दुसऱ्या वेळी ते नुसते बघत राहिले. कडक इस्त्रीशिवाय फाटकाबाहेर न पडलेला माणूस. त्याच आठवड्यात तू कुत्र्याचे विचारलेस. मी हो का म्हटले, ते आता तुला कळले असेल. घरात कुणीतरी हवे होते, ज्याच्यावर ढकलता येईल. कुत्रा आल्यावर मी त्यांना सांगितले, ‘अहो, तुम्ही नाही, पिल्लाने केले.’ त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मग मी रोज तेच सांगत राहिले आणि तेही तसेच म्हणू लागले. त्यांच्यासाठी, असे मी स्वतःला म्हणत होते. पण भक्तीसमोर मी जे केले ते त्यांच्यासाठी नव्हते. सारंगाच्या घरात असे होते हे पोस्टातल्या पोरीला कळू नये, म्हणून केले. आणि चतुर्थीला तू बरोबर होतीस, हे मला मान्य करायचे नव्हते म्हणून.

पुढचे लिहायला हात रेटत नाही, पण लिहिते. या महिन्याच्या सुरुवातीपासून मी त्यांना दुपारी खोलीत घालून बाहेरून कडी लावत होते. पिंजऱ्याचे वेळापत्रक मला येत होते, तेच त्यांना लावले. फरक एवढाच की कुत्र्याला मी पाच मिनिटांपासून सवय लावली होती.

बुधवारी त्यांना आत ठेवून, कुत्र्याला पिंजऱ्यात घालून मी मालवणला औषधे आणायला गेले. तासाभरात परत येणार होते. रिक्षा वाटेत बंद पडली, दुसरी मिळेना. अडीच तास गेले. फाटकाशी आले तर बाबली पडवीत उभा. पिंजऱ्यात ध्रुव गळा फोडून रडत होता.

‘वैनी, खंय होतात?’ बाबली म्हणाला. ‘कुत्रो बोंबाटता तां समाजला. पण भाऊ पण आतसून हाका मारतत. माजघराक कुलूप, माका आत जावक गावला नाय.’

मी कुलूप काढले, खोलीची कडी काढली. बाबली माझ्या मागे होता, त्याने ती कडी बघितली. बाबा दाराला चिकटूनच उभे होते. दार ठोकून ठोकून हाताच्या कडा लाल झालेल्या. लुंगी भिजलेली, पायांखाली सगळे ओले. आणि माझ्या तोंडून काय निघावे? सवयीने, बाबलीला ऐकू जाईल असे मी म्हटले, ‘बघा, या कुत्र्याने परत घाण केली!’

कुत्रा पिंजऱ्यात होता. पिंजऱ्याला कडी होती. बाबली त्याच्या शेजारून चालत आत आला होता.

मग बाबा माझ्याकडे बघून, अगदी धड आवाजात म्हणाले, ‘तेका कित्या बोल लावतंस? तो नाय गो. मी.’

इतके दिवस मला वाटत होते की मी त्यांना लपवते आहे. त्यांना कळत होते, आकांक्षा. नेहमी नसेल, पण कळत होते. आणि माझी लाज राखायला ते ‘पिल्लान केल्यान वाटता’ म्हणत राहिले. कुत्र्याने मार खाल्ला त्या दिवशी ते जेवले का नाहीत, हे मी स्वतःला विचारलेसुद्धा नव्हते.

बाबलीने चपला काढल्या, ओल्यातून खोलीत आला, बाबांचा हात धरला. ‘चला भाऊ, पाय धुवया. वैनी, पाणी तापलेला आसा काय?’ जसे काही रोजचेच. न्हाणीघरातून दोघांचे बोलणे ऐकू येत होते. बाबली विचारत होता, बोटीर थंड पाण्यान न्हाणा होता काय हो, आणि बाबा त्याला एडनच्या बंदराचे काहीतरी सांगत होते. मी फरशी पुसली. मग पिंजरा उघडला. ध्रुव माझ्या बाजूने वळसा घालून थेट न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सुभद्राच्या घरी गेले. उंबऱ्यावरच म्हटले, माझे चुकले, उद्यापासून ये. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘माका पयल्या दिवसापासून कळलेला होता, बाय. माका काढलात त्याचा काय नाय. मुक्या जिवाक मारलात, तां लागला.’ मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, ‘येतंय मी. पण भाऊंचा धुणा मी करतलंय, तुमी आडवा येव नको.’ मी हो म्हटले. तिच्यासमोर मी इतक्या लवकर कधी हो म्हटलेले नाही.

खोलीची कडी बाबलीने काढून नेली. दारामागे आता मी बादली ठेवली आहे आणि जेवल्यावर, उठल्यावर, झोपण्याआधी बाबांना मीच हात धरून मोरीपर्यंत नेते. तीन दिवसांत एकदाच चुकले. तेही मी वहीत लिहिले आहे, त्यांच्या नावाने. ध्रुवच्या अकरा नोंदी खोडल्या आणि प्रत्येकीवर सही केली. त्याने त्याचे काय होणार? माझ्या हातून तो अजूनही खात नाही. बाबांच्या हातून खातो. मी बांगडा बाबांच्या हातात देते.

निलेशराव उद्या कोल्हापूरच्या माणसाला शब्द देऊन आलेले असतील. त्यांना वाईट वाटेल, पेट्रोल फुकट गेले म्हणतील. त्यांना जेवू घालीन. कुत्रा मार्चपर्यंत राहील, आणि नंतरचे नंतर बघू.

तुला एक काम सांगायचे आहे. शुक्रवारी, २७ ला, सकाळी साडेदहाला ओरोसच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांना सांगितले आहे, त्यांनी मान हलवली, विसरतील. गुरुवारच्या गाडीने ये. चतुर्थीला मी तुला जे बोलले त्याबद्दल तू आलीस की तोंडाने माफी मागेन, कागदावर नाही.

डॉक्टर विचारतील, कधीपासून, किती वेळा, घरात कसे वागतात. मी उत्तरे पाठ केली आहेत. पण मला माझा भरवसा राहिलेला नाही. पांढरा कोट, टेबल, समोर परका माणूस दिसला की मी पुन्हा म्हणेन, ‘तसे काही नाही हो, वयानुसार आहे.’ तू माझ्या शेजारी बस. मी तसे म्हणू लागले की तिथेच, त्यांच्यासमोर, मला थांबव.

तुझी,
आई