दोन सह्यांचा ताळेबंद

दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर
ता. ९ जानेवारी १९५२

चि. मधु यास,
कुमुदताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तू हिशेब-तपासनिसाची परीक्षा पास झालास, इंदूरच्या फर्ममध्ये टेबल-खुर्ची मिळाली, जगाच्या दुकानांचे हिशेब तपासतोस. बहिणीच्या दुकानाची वही मात्र अजून उघडून पाहिली नाहीस. आता पाहावीच लागेल.

नव्या मध्यभारत सरकारला पोलिसांच्या खांद्यावरचे जरीचे बिल्ले हवेत. टेंडर निघालं आहे. आपल्याकडे कामाला येणाऱ्या पाच जणीच पूर्वी संस्थानच्या फौजेचे बिल्ले करत होत्या. हात तेच, जर तीच, फक्त वरचं चिन्ह बदललं. पण अट अशी की दुकानाच्या मागच्या पूर्ण वर्षाचा हिशेब सनदी तपासनिसाच्या सहीनं जोडायचा, तोही फेब्रुवारी संपायच्या आत. पुढे उन्हाळा लागला की सगळं दफ्तर बांधून तुमच्या इंदूरला जाणार. हे सरकार म्हणजे नवी सासुरवाशीण झाली आहे, निम्मं वर्ष इथं, निम्मं तिथं!

थट्टा राहू दे. फौज विलीन झाली, ह्यांचा रिसाला मोडला, तेव्हा तुझे दाजी ओसरीवर नुसते बसून असत, हे तू पाहिलं आहेस. दुकान काढलं आणि माणूस परत हाती लागला. आता संस्थानी बिल्ले कोण घेतो? शाळांच्या फिती आणि लग्नाचे गोंडे विकून दिवाळीपर्यंत कसंबसं ओढू. हे काम मिळालं नाही तर दुकान बंद करावं लागेल, आणि हे पुन्हा तसे बसलेले मला बघवणार नाहीत. म्हणून लिहिते आहे.

वह्या आपले लक्ष्मीकांतपंत लिहितात. संस्थानच्या कचेरीतून पेन्शन घेतली तेव्हापासून रोज दुपारी येतात. अक्षर मोडी, आणि इतकं घाईचं की त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागत नाही. काय हवं ते त्यांना कळव.

हे आशीर्वाद सांगतात. प्रकृतीस जप, आणि बहिणीवरचा लोभ या खेपेस जरा कामाला लाव.

तुझी,
कुमुदताई


इंदूर, ता. १५ जानेवारी १९५२

ती. सौ. कुमुदताईस,
मधुचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोबत तिळगूळ पाठवत आहे. दाजींना जास्त दे, म्हणजे गिऱ्हाइकांशी गोड बोलतील. मागे आलो तेव्हा एका बाईनं फितीचा भाव दोनदा विचारला, तर तिला त्यांनी असं दरडावलं की बिचारी सावधान उभी राहिली!

टेंडरची मुळीच काळजी करू नकोस. असले हिशेब मी डाव्या हातानं करतो. पंतांसाठी वेगळा कागद जोडला आहे, त्यात सगळं टाइप करून दिलं आहे. सरकारचं वर्ष मार्चअखेर संपतं, तेव्हा त्यांनी दिवाळी ते दिवाळी चालणाऱ्या दोन्ही वर्षांच्या वह्या मार्चपाशी तोडून, मधले बारा महिने नव्या रजिस्टरात इंग्रजी आकड्यांनी उतरवावेत. घरखर्च आणि दुकानखर्च वेगळे करावेत. दाजींच्या मिशांचं तेल दुकानाच्या खर्चात घातलेलं मला चालणार नाही, हेही लिहिलं आहे. आठ दिवसांत रजिस्टर पाठवलं तर मी पुढचं बघून घेईन.

तुझ्या हातच्या लाडूंची आठवण येते. चुकलंमाकलं पोटात घालून लोभ ठेव.

तुझा,
मधु


लष्कर, ता. २४ जानेवारी १९५२

चि. मधु यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा डावा हात चांगलाच चालला म्हणायचा. पंत यायचे बंद झाले आहेत.

तुझा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला, घडी करून गल्ल्यावर ठेवला, आणि छत्री घेऊन निघून गेले. मी मागोमाग निरोप धाडला तर उलट निरोप आला की सर्दी झाली आहे. सर्दीचा माणूस संध्याकाळी बाड्याच्या चौकात फेऱ्या मारताना ह्यांना दिसला!

शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, की लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून उघडलेली वही ही. ती दिवाळीलाच बंद होते. मध्येच तोडायची म्हणजे लक्ष्मीला भरल्या ताटावरून उठवायचं. ते पाप आपल्या हातून होणार नाही. वर असंही म्हणाले, की इंदूरच्या साहेबांना फक्त रजिस्टर उतरवून देणारा माणूस हवा आहे, तसा दालबाजारात कुणीही मिळेल.

मधु, मला वहीपेक्षा हे दुसरं वाक्य जास्त लागलं. त्या टाइप केलेल्या कागदात एक नमस्कारसुद्धा नव्हता रे. वडीलधाऱ्या माणसाला असं लिहितात का?

आणि ह्यांचं म्हणशील तर ह्यांनी हिशेबाची वाट न पाहताच दर ठरवला आहे. शत्रूवर तुटून पडावं तसं सगळ्यांच्या खाली जायचं, म्हणजे काम आपलंच. त्यात आपण जगू की मरू, हे ह्यांना कोण सांगणार? तू तिकडे, पंत घरी, वह्या कुणालाच वाचता येत नाहीत. महिना जवळ जवळ संपला. मला रात्री झोप नाही.

राग आहे, पण लोभही आहेच. लौकर काय ते कर.

कुमुदताई


इंदूर, ता. २९ जानेवारी १९५२

श्रीयुत लक्ष्मीकांतपंत यांचे चरणी,
मधुकर जगतापचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्राचा हा मायना मागच्या कागदावर असायला हवा होता. तो नव्हता, याची मला मनापासून लाज वाटते. ताईनं कान धरला, तो योग्यच धरला.

दुसरी गोष्ट. आपलं म्हणणं मी आमच्या थोरल्या साहेबांपुढे ठेवलं, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, आयकराचा कायदा आपल्या भागात आला म्हणून दिवाळी रद्द झाली असं तुला कुणी सांगितलं? व्यापाऱ्याची वही दिवाळी ते दिवाळी चालत असेल तर तेच त्याचं वर्ष, कायद्याला ते चालतं. टेंडरमध्येही फक्त मागचं पूर्ण वर्ष म्हटलं आहे. मार्च मी माझ्याच मनानं घातला. तेव्हा वही तोडायची नाही.

घरखर्चाबद्दल मात्र मी हटणार नाही. आपण मिशांचं तेल दुकानात घालता, कारण दाजी त्या मिशांनिशी गल्ल्यावर बसतात, असं ताई सांगते. युक्तिवाद बिनतोड आहे, पण सरकार ऐकणार नाही!

मी रजा काढून शनिवारी येत आहे. मला मोडी धड वाचता येत नाही. आपण वाचाल आणि मी लिहीन, एवढी कृपा करावी. सर्दी बरी झाली असेल अशी आशा करतो.

आपला आज्ञांकित,
मधुकर


लष्कर, ता. १६ फेब्रुवारी १९५२

चि. मधु यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून दुकान सुनं वाटतं. कामाला येणाऱ्या पाची जणी रोज विचारतात, भैया फिर कब आएँगे? त्यांना तुमची जुगलबंदी फार आवडली होती. पंत मोठ्यानं वाचणार, तू लिहिणार, मध्येच अडवणार, मग दोघं वाद घालणार, आणि हे दोघांना शांत राहण्याचा हुकूम देणार. मिशांच्या तेलावर तर अर्धी दुपार गेली. अखेर पंतांनी ते घरखर्चात टाकलं, पण तोंड असं केलं की जणू एखाद्याचं वतन खालसा होत होतं.

खरं सांगू, मला भीती होती की तुम्ही एकमेकांना शिकवायला बसाल. तसं झालं नाही. गोंडेदार फीत आपण वर्षभर तोट्यात विकत होतो, हे तुझ्या तक्त्यातून कळलं; पंतांच्या वहीत रोजची विक्री होती, पण सगळं एकत्र मांडलेलं नव्हतं. आणि कातरताना जरीची तार किती वाया जाते ते पंतांनी सांगितलं नसतं तर तूही ह्यांच्यासारखा खालचा दर लावून मोकळा झाला असतास. दोघांचं जुळलं तेव्हा कुठे खरा दर निघाला. ह्यांना तो भित्रा वाटतो. काम मिळालं नाही तर तुम्हा दोघांचं कोर्टमार्शल करणार आहेत म्हणे.

कागद काल दिले. मी, हे आणि पंत असे तिघं गेलो होतो. ह्यांनी तिथल्या शिपायालाच सलाम ठोकला. आता देवावर हवाला. निकाल येईपर्यंत माझा जीव टांगलेलाच राहील.

पंत आता रोज वेळेवर येतात. तूही दर तिमाहीला ये. तुझ्या लोभाला ही एवढीच अट.

तुझी,
कुमुदताई


लष्कर, ता. २१ मार्च १९५२

चि. मधुकर यास,
लक्ष्मीकांत रघुनाथ यांचे अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

सौ. कुमुदताई आनंदाने रडत आहेत, त्यांच्याने लिहवत नाही. म्हणून हे पत्र मी लिहितो. काम आपल्याला मिळाले. आपला दर सर्वांत खालचा नव्हता. परंतु तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले की सर्वांत खालच्या दराचे कागद पाहून हा दुकानदार माल पुरवण्याआधीच बुडेल असे वाटले, आणि आपले कागद पाहून तसे वाटले नाही. आपले दाजी जगदेवराव सकाळपासून पाची बायांना हुकूम सोडत आहेत. त्या ऐकत नाहीत, आणि ते भलतेच खूश आहेत.

दालबाजारातले दोघे-तिघे लहान दुकानदार विचारीत आले होते. मी सांगितले की वही मी लिहीन आणि इंदूरचे आमचे चिरंजीव तपासतील. आपणांस न विचारता शब्द दिला आहे. तो सांभाळून घ्यावा.

आणखी एक सांगायचे आहे. ताळेबंदाखाली आपण दोन सह्यांची जागा केलीत, हिशेब लिहिणार आणि हिशेब तपासणार, आणि टाक माझ्या हाती दिलात. तेव्हा मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून आत गेलो. आपण समजलात, म्हातारा पुन्हा रुसला. तसे नव्हते. संस्थानच्या कचेरीत उभा जन्म मी कागद लिहिले. खाली नाव साहेबांचे असे. मी लिहिलेल्या हिशेबाखाली माझे नाव लिहिण्याची ती पहिलीच वेळ, आणि टाकातली शाई गळली तर आपल्या स्वच्छ कागदावर डाग पडेल, याची धास्ती वाटली.

डाग पडला नाही. कागद द्यायला गेलो त्या दिवशी दफ्तरात कारकुनाने वरची सही कुणाची म्हणून विचारले, तेव्हा मी मागे उभा होतो. ताई काही बोलण्याआधी मीच पुढे झालो आणि माझी म्हणून सांगितले.

लोभ असावा असे रीतीने लिहितात. मी हक्काने लिहितो.

आपला,
लक्ष्मीकांत रघुनाथ टोकेकर
हिशेबनीस