माझ्या खुर्च्यांना हात लावू नये

२ मार्च
संकल्प : आजपासून रोज चार खुर्च्या, काही झालं तरी. हॉस्पिटलच्या मोडक्या व्हीलचेअर आमच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये येतात. फिटर दोन, पान्यांचा सेट एक, स्पेअर पार्टच्या नावाने बोंब. एकीचं चाक काढायचं, दुसरीला लावायचं. त्यात साहेब म्हणतात, महिनाअखेर एक फिटर कमी होणार. म्हणजे मी किंवा मौनी. मौनी हे नाव मीच ठेवलेलं. दिवसभर तोंड उघडत नाही. अशा माणसाच्या पोटात काय शिजतंय, कळत नाही.

३ मार्च
एकही झाली नाही. पाने मौनीकडे. मुद्दाम. दुपारभर प्लॅनिंग केलं. डोळे मिटून चांगलं होतं.

६ मार्च
माझ्या वाट्याचा ढीग कमी दिसतोय. मी तर हातही लावलेला नाही.

९ मार्च
ढीग आणखी कमी. माझा लाल रंगही आटतोय. दुरुस्त खुर्चीला मागे मी लाल ठिपका देतो, मौनी हिरवा. साहेब त्यावरून काम मोजतात. खुर्च्या पळवतो ते पळवतो, वर रंगही. हिला सांगितलं. म्हणाली, मोडक्या खुर्च्या नेऊन तो काय करणार? हिला ऑफिसचं राजकारण कळत नाही.

१० मार्च
मौनीने चहा आणून दिला. प्यायलो नाही. थोडा प्यायलो.

११ मार्च
जाडजूड साखळी आणली. माझा ढीग बांधून कुलूप ठोकलं. मौनीच्या तयार खुर्च्याही त्यातच ओवल्या, पुरावा म्हणून. तो चक्क बोलला : "दादा, नका बांधू. वॉर्डात माणसं ताटकळलीत."
आत्ताच कसा पुळका आला? घाव वर्मी बसला.

१६ मार्च
साहेबांकडे लेखी तक्रार. उद्या दोघांना बोलावलंय. शर्टाला कडक इस्त्री केली.

१७ मार्च
साहेब म्हणाले, अकरा तारखेपर्यंत निम्म्या खुर्च्यांवर लाल ठिपका होता, त्यानंतर एकीवरही नाही. मी म्हटलं, बघा. म्हटल्यावर लक्षात आलं, मी तर या महिन्यात एकही केली नव्हती. साहेबांनी मौनीला विचारलं, लाल ठिपके तू देत होतास का?
तो मान खाली घालून म्हणाला, "एक कमी झाला तर दुसऱ्यावर सगळं पडणार साहेब. दोघं असलो तर कसंबसं निभतं."
फार वाईट वाटलं. जिना उतरताना शंका आली, मग आधी का नाही बोलला? हाही डावच.

१८ मार्च
फिटर मौनीच राहणार. मला पेशंट ने-आण करायला वॉर्डात टाकलं. बढतीच म्हणायची, वर उजेड तरी आहे.

१९ मार्च
वॉर्डात खुर्ची नाही. धड होत्या त्या खाली साखळीत. कुलपाची चावी सापडत नाही. साखळी मी मजबूत बघून घेतली होती आणि कटरची मागणी अजून मंजूर व्हायची आहे. सकाळपासून पेशंट पाठीवर घेऊन रॅम्प चढतोय. एक आजोबा पाठीवरून विचारत होते, खुर्च्या गेल्या कुठे हो सगळ्या?
मी म्हटलं, चौकशी चालू आहे.