ताकाचा शब्द

हद्दू भावजी,

"पोरगी तिशीला आली, अजून शिकतेच, कमावणार कधी?" असं ईदला तिकडे मोरोक्कोत, नादोरहून फोनवर विचारलंत ना? अहो, इथे हॉलंडात पीएचडी ही पगारी नोकरी असते! विद्यापीठात जागा निघाली, तीही आपल्या रिफी बोलीवरच्या संशोधनाची. मुलाखत घरातूनच, संगणकावर. प्राध्यापकांनी ताकाला आपल्यातला शब्द वाचून दाखवला. आमची तिलेल्ली म्हणाली, "सर, हा चुकलाय. आजी, तू सांग गं!" कणकेच्या हातांनीच पडद्यासमोर येऊन मी तीनदा म्हणून दाखवला आणि माझ्यासारख्या अक्षरशत्रूकडून त्यांनी तो लिहून घेतला! नातीला नोकरी मिळाली. सोमवारी रुजू होतेय.

हे पत्र तिलाच सांगून लिहवलंय, पण धाडत नाही. फोनच करते. तुमची बोलती बंद झालेली मला या कानांनी ऐकायचीय.

तुमची वहिनी,
ममून्त