माझ्या संशोधनातील घरघंटी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांच्या नोंदी पुढे कामाला येतात.

शेवटच्या सेमिस्टरला नवीन पेपर आहे: वक्तृत्व, संशोधन-लेखन आणि मौखिक सादरीकरण. यात नापास म्हणजे यंदा डिग्री नाही. आमच्या घरात अजून कोणी पदवीधर नाही. आईने माझ्या पदवीच्या फोटोसाठी हॉलमध्ये खिळा आत्ताच ठोकून ठेवला आहे. सध्या त्याला किल्ल्या असतात.

विषय निवडला: ‘अफवा का पसरतात? आमच्या कॉलनीतील महिलांचा अभ्यास’. बोरस्ते सर म्हणाले, विषय चांगला आहे, झेपेल ना? मी फक्त स्मित केले. स्मितातही वक्तृत्व असते.

संकल्प: रोज पहाटे पाचला आरशासमोर भाषणाचा सराव.

४ फेब्रुवारी, पहाटे ५
उठले. पप्पा मनमाडच्या गाडीसाठी दाढी करत होते. आरसा अडलेला. परत झोपले.

६ फेब्रुवारी
प्रश्नावली तयार. बेचाळीस प्रश्न. सरांनी दहा पुरे म्हटले होते, पण त्यांच्या काळात संशोधन मागासलेले होते. सुरुवातीला नाव, वय, मोबाईल नंबर. प्रश्न क्रमांक सात, आर्थिक पार्श्वभूमीसाठी: तुमच्या घरी पुढीलपैकी काय आहे? फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, घरघंटी.

विश्वासार्हता वाढावी म्हणून प्रत्येक फॉर्मवर कॉलेजचा गोल शिक्का मारून घेतला. जांभळा. फार भारदस्त दिसतो.

९ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर कॉलनीत फिरले. किमान शंभर हवेत, चार झाले. उज्वलाकाकू म्हणाल्या, एवढं वाचेपर्यंत माझा कुकर जळेल. एकींनी फॉर्मवर वाटाणे सोलले.

वर्गात शिकलेले आठवले: श्रोत्याला आधी त्याचा फायदा सांगावा. मग कोणी कशाचा फॉर्म विचारले की मी म्हणायचे, तुमच्या फायद्याचा. लंकाबाई मावशी आमच्याच कॉलेजात चहापाणी बघतात, गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांनी प्रश्न सात दोनदा वाचून घेतला आणि विचारले, ही घरघंटी म्हंजी ती लाईटीवर दळायची का? मी म्हटले, हो. त्यांनी फॉर्म घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

हळूहळू समाज जागा होईल.

११ फेब्रुवारी
समाज जागा झाला! सकाळी सातला दारात सदतीस बायका. रांगेत. मी दात घासत होते. सगळ्यांना फॉर्म हवा. एका वाक्याने हे केले. वक्तृत्वाची ताकद.

१२ फेब्रुवारी
एकूण ९१. बहुतेकांनी सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आहे. काहींनी पासपोर्ट फोटोही. मी मागितले नव्हते. उत्तर देणाऱ्या व्यक्तीने स्वतःची ओळख इतकी खुलेपणाने द्यावी, हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही. याला मी ‘उत्स्फूर्त पारदर्शकता’ असे नाव दिले आहे. ही संकल्पना माझी.

१३ फेब्रुवारी
११८. लंकाबाईंची बहीण चांदवडहून एसटीने आली. आमच्या कॉलनीची रहिवासी नाही, म्हणून मी नम्र नकार दिला. ती म्हणाली, गरिबालाच नाय म्हनता का? घेतला फॉर्म.

एक नोंद: उज्वलाकाकूंकडे घरघंटी आहे, मी तिच्यावर दळलेले पीठ खाल्ले आहे. त्यांनी ‘नाही’वर खूण केली. आणि मी गेले तेव्हा ओट्याशेजारी काहीतरी चौकोनी वस्तू जुन्या साडीखाली झाकलेली होती. वयानुसार स्मरणशक्ती कमी होते.

१६ फेब्रुवारी, रविवार
आईने स्वयंपाकघरातला टाकीशेजारचा कोपरा मोकळा केला. डबे वर, कांद्याची पाटी बाहेर. फरशी घासली. पप्पांना सुट्टीच्या दिवशी तिथे प्लगचा पॉइंट काढायला लावला. पप्पा म्हणाले, पंधरा अँपिअरचा मागते तुझी आई, कारखाना काढतीये का?

मी ओळखले. माझ्या अभ्यासाचे टेबल. न बोलता करते. टेबललॅम्पला पंधरा अँपिअर जास्त आहे, पण आईने पुढे कॉम्प्युटरचाही विचार केला असणार. डोळे भरून आले.

१९ फेब्रुवारी
धक्का. किराणा दुकानात दोन बायका बोलत होत्या: कॉलेजवाली पोरगी फुकट घरघंटी वाटतीये, शिक्क्याचा फॉर्म आहे, आधार लागतं.

अफवा! माझ्याच संशोधनक्षेत्रात! कोणी पसरवली असेल? मूळ शोधायला हवे. सध्या वेळ नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
अफवा भाषणाने मोडायची ठरवले. विहाराबाहेरच्या पटांगणात पन्नासेक बायका जमल्या. पुस्तकाप्रमाणे पटवण्याची तिन्ही साधने वापरली. विश्वास: मी तुमचीच लेक आहे. भावना: मला तुम्हाला फसवायचे नाही. तर्क: या फॉर्मचा घरघंटीशी काहीही संबंध नाही, कोणालाही काहीही मिळणार नाही.

टाळ्या! लंकाबाई सर्वांत जोरात. जाताना माझा हात दाबून म्हणाल्या, बरोबर हाय बाई, असंच सांगायचं सगळ्यांना, नायतर गर्दी लय होईल.

शेवटचा भाग नीट कळला नाही. पण अफवा संपली.

२१ फेब्रुवारी
आणखी सव्वीस फॉर्म.

४ मार्च
एकूण १४४. वर्गात इतरांचे पंचवीस-तीस. आज निष्कर्ष काढला आणि थक्क झाले. प्रश्न एकतीस: तुम्ही ऐकलेली बातमी तपासून पाहता का? १४४ पैकी १४४ ‘हो’.

म्हणजे आमची कॉलनी पूर्ण अफवामुक्त आहे. घरघंटीचा प्रकार अपवाद म्हणून वगळला. एका अपवादासाठी १४४ बायकांवर अविश्वास दाखवणे मला पटत नाही.

११ मार्च
उद्या सादरीकरण. आठवडाभर सराव चालू आहे, म्हणजे आजपासून. सिलिंडरसमोर उभे राहून बोलले. आईने ऐकले. म्हणाली, सगळं समजलं, छान बोलतेस. मग हळूच विचारले, उद्या साहेब येणार ना? बाहेरचे परीक्षक म्हणायचे होते तिला. हो म्हटले. तिने कोपऱ्यातली फरशी पुन्हा पुसली.

१२ मार्च, सकाळी ६
पांढरा ड्रेस इस्त्री केला. संकल्प: निकालानंतर गर्व करायचा नाही.

१२ मार्च, दुपारी ३
थोडक्यात लिहिते.

सुरुवात उत्तम. ‘अफवामुक्त कॉलनी’ ही स्लाइड आली तेव्हा परीक्षक मॅडम पुढे झुकल्या. म्हणाल्या, शंभर टक्के? मी म्हटले, शंभर टक्के. त्या म्हणाल्या, कोणाला काही प्रश्न?

लंकाबाई चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. ट्रे बाकावर ठेवला आणि म्हणाल्या, माझा हाय. घरघंट्या कधी येनार? माझ्या बहिनीला चांदवडला न्यायला टेम्पो सांगायचा हाय.

वर्ग हसला. मी शांतपणे म्हटले, मावशी, मी स्पष्ट सांगितले होते की काही मिळणार नाही. त्या म्हणाल्या, ते तू लोकांला सांगितलंस. मी आतल्या माणसाचं इचारतेय.

मॅडमनी विचारले, ही बातमी तुम्हाला दिली कोणी? लंकाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. म्हणाल्या, हिनंच. दारात येऊन. फायद्याचा फॉर्म हाय म्हनली, शिक्का दाखवला, घरघंटी हाय का इचारलं. नसती द्यायची तर इचारलंच कशाला?

पूर्ण कोर्समध्ये मला इतका बिनतोड तर्क सुचला नव्हता. हे मी कोणाला सांगणार नाही.

१३ मार्च
बोरस्ते सरांनी गठ्ठा परत दिला. नापास केलेले नाही, महिन्याभरात पुन्हा सादर करायचे आहे. नवा विषय त्यांनीच लिहून दिला: ‘घरघंटीची अफवा: उगम व प्रसार’. ‘उगम’च्या पुढे कंसात माझे नाव.

आणखी म्हणाले, फॉर्म १४५ आहेत, नीट मोजत जा. मी मोजले होते. १४४च आहेत.

१६ मार्च, रविवार
१४५ आहेत. सगळ्यात खाली आईचा. सोबत आधारची झेरॉक्स आणि लग्नाच्या फोटोतून कापलेला फोटो. पप्पांचा कान आला आहे.

प्रश्न बत्तीस: बातमी खरी की खोटी हे तुम्ही कशावरून ठरवता? आईचे उत्तर, सातवीपर्यंतच्या अक्षरात: आमची मुलगी शिकलेली आहे. ती सांगते त्यावरून.

आईला विचारले, मला विचारलं का नाहीस? ती म्हणाली, घरच्यांनी रांग मोडली म्हणून लोक तुलाच बोलले असते. मी म्हटले, आणि भाषणात मी काही मिळणार नाही म्हणाले होते ते? ती म्हणाली, ते लोकांसाठी होतं ना.

मग मी तिला पुढ्यात बसवून सगळे सरळ सांगितले. स्मित नाही, तर्क नाही, भाषण नाही. तिने ऐकून घेतले. कोपऱ्याकडे पाहिले. म्हणाली, असू दे, पॉइंट निघालाय तर तुझं टेबल ठेवू.

रात्री नव्या विषयाची प्रश्नावली केली. फक्त पाच प्रश्न, शिक्का नाही. पहिली मुलाखत आईचीच घेतली. तिने पाचही उत्तरे खरी दिली. सही केली. मग उठून कपाटातून आधारची झेरॉक्स आणली आणि फॉर्मला टाचणी लावली.

म्हटले, आई, अगं आत्ताच सांगितलं ना, यातून काही मिळत नाही.

म्हणाली, कळलं गं. राहू दे तरी.