अंगठ्याखालची डाळ

अण्णा, इथे हैदराबादेत दुपारचे तीन वाजलेत आणि माझ्या डाव्या मुठीत पारव्याचं पिल्लू आहे. सकाळी सातला भरवलं, तेव्हापासून त्याच्या गळ्याखालची पिशवी दगडासारखी घट्ट आहे. कोमट पाण्याचे दोन थेंब दिले. अंगठ्याने हळूहळू चोळतोय, तुम्ही चोळायचात तसं. उजवा हात रिकामा आहे, म्हणून लिहितोय. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी असल्या वेळी बापाशिवाय दुसऱ्या कुणाला विचारणार?

माझं काम जाळ्या लावायचं. आयटीवाल्यांच्या इमारती, बारावा मजला, कमरेला दोर. पारवे घाण करतात म्हणून गॅलऱ्या बंद करायच्या. परवा एसीच्या मागे हे सापडलं, अंगभर पिवळी लव आणि नुकते फुटलेले पिसांचे काटे. सुपरवायझर म्हणाला, "फेंक दे, टाइम खोटी मत कर." मी हेल्मेटमध्ये घालून खोलीवर आणलं. खोलीतले विचारतात, "पकाएगा कब?"

आपल्या पत्र्यावरच्या ढाबळीतलं ते पांढरं पिल्लू आठवतं? मी नववीत होतो. विश्रांतवाडीहून आणलेल्या जोडीचं पहिलंच. कबूतर माणसाळायचं तर डोळे उघडल्यापासून रोज हातात घ्यायचं, हे तुम्हीच शिकवलंत. दोन बोटांनी चोच उघडायची, भिजवलेली चण्याची डाळ, चारच दाणे. "पिशवी रिकामी झाल्याशिवाय पुढचा घास नाही. नववीला दोनदा बसता येतं, इथे नाही." पण तुम्ही पहिल्या पाळीला गेलात की ते पंख थरथरवत माझ्या बोटांत चोच खुपसायचं. मी द्यायचो. पुन्हा मागायचं, पुन्हा द्यायचो. मला बघून धडपडत येणारं तेवढं एकच होतं.

एका दुपारी त्याची मान पडली. तुम्ही कारखान्यातून आलात, डबाही खाली ठेवला नव्हता. मी म्हणालो, "मादीने टोचलं." तुम्ही ते तळहातावर घेतलंत, अंगठ्याने पिशवी एकदा दाबलीत. "असं?" एवढंच म्हणालात.

रविवारी तुम्ही मादी टोपलीत घातलीत, वर फडकं, त्याला सुतळी. कात्रजला एक जण न्यायला तयार होता. "पिल्लं मारणारी मादी ठेवून काय लोणचं घालायचंय?" तुम्ही गाठ मारता, सोडता, पुन्हा मारता. चपला घालून दारात थांबता. टोपलीत ती फडफडतेय.

"काय साहेब, काही म्हणायचंय?"

"नाही."

तुम्ही गेलात. आठ दिवस नर ढाबळीच्या तोंडाशी गळा फुगवून घुमत राहिला, दाण्याकडे बघेना. मी वरच जायचं टाळलं. तुम्ही मारलं नाहीत, बोलला नाहीत. फक्त त्यानंतर एकही पिल्लू माझ्या हातात दिलं नाहीत.

आत्ता ही पिशवी दाबली की पातळ कातड्याखाली डाळीचा एकेक दाणा वेगळा लागतो. मादीपुढे आपण बाजरीच टाकायचो, अण्णा. डाळ फक्त माझ्या हातातून जायची. मला हे आज, जाळ्या लावून घट्टे पडलेल्या अंगठ्याने कळतंय. तुमच्या अंगठ्याला तेव्हाच कळलं होतं. एवढ्याशा सुतळीला कुणाला इतका वेळ लागतो?

साडेचार झाले. पिशवी जरा मऊ लागतेय, की चोळून चोळून माझा अंगठाच बधिर झालाय, सांगता येत नाही. पिल्लू मात्र मान वर करून चोच उघडतंय, पंख थरथरवतंय. डाळीची वाटी हाताशीच आहे. देत नाहीये. पिल्लाच्या खोक्यातला कागद ओला झालाय, लिहून झालं की हाच त्याच्याखाली घालीन.

त्या रविवारी दारात मला म्हणायचं होतं.